मोककाकांचा गेलेला हात

मोककाकांचा उजवा हात गेला तो त्र्याहत्तराव्या वर्षी, एका गुरुवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. हात जागच्या जागी होता. पाची बोटं होती, नखं कापलेली होती, आणि त्याच हाताने त्यांनी नुकताच लोणी घातलेला गोड पाव खाल्ला होता. पण हात गेला असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं आणि माँग कॉकच्या त्या खेळण्यांच्या बाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांनी ते खरं मानलं. का मानू नये? मोककाका खोटं बोलल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आधी त्या हाताबद्दल सांगायला हवं. मोककाकांनी चव्वेचाळीस वर्षं याउ मालकांच्या औषधी मुळ्यांच्या दुकानात पुड्या बांधल्या. तिथली रीत अशी, की तीन पुड्यांची मुळी काट्यावर एकदम तोलायची आणि मग कागदावर हातानेच तिचे तीन सारखे वाटे करायचे. नवखा माणूस वाटे करतो आणि गिऱ्हाइकाची नजर चुकवून पुन्हा तोलून बघतो. मोककाकांनी तिसऱ्या वर्षापासून पुन्हा तोलून बघितलं नाही. गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही. याउ मालक कुणाचं कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हते, पण त्यांचं एक वाक्य मोककाकांनी जन्मभर जपलं: "गिऱ्हाइकाला काटा वाचता येत नाही, म्हणून आपण तो दोनदा वाचायचा."

मालक गेले, दुकान बंद पडलं, आणि मोककाका घरी बसले. म्हणजे बसायला गेले. घर एका खोलीचं, आणि त्या खोलीत सकाळी दहापासून त्यांच्या बायकोचा महजोंगचा, म्हणजे सोंगट्यांचा डाव. चार बायका, चार खुर्च्या, एक टेबल. मोककाका पहिले आठ दिवस पलंगावर पाय वर घेऊन बसले. नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पाठीमागून बघता ना, माझं नशीब फिरतं. जरा बाहेर जाऊन या." ते बाहेर गेले. संध्याकाळी सातपर्यंत बाहेर कसं राहायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी त्यांना याउ मालकांच्या मुलीनेच जागा दिली. लान तिचं नाव, सगळे तिला लानताई म्हणतात. तिने बापाच्या धंद्याला रामराम ठोकून तिसऱ्या मजल्यावर छोट्या धातूच्या गाड्यांचं दुकान काढलं होतं. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर लानताईला श्वास आत घेऊन उभं राहावं लागे. त्यात तिने एक तिवई मांडली आणि म्हणाली, "बसा मोककाका. हात लावू नका कशाला, नुसते बसा." ती तिवई म्हणजे मोककाकांच्या मालकीची त्या शहरातली एकमेव जागा.

आता गाड्यांचं. तिसऱ्या मजल्यावर दोनच जाती: साधी आणि खास. त्या वर्षी सगळ्यांना वेड लागलं होतं ते लाल टपाच्या मिनीबसचं. दोन्ही गाड्या एकाच साच्यातल्या, बोटभर लांब. साधीचं बूड प्लॅस्टिकचं, चाकं प्लॅस्टिकची, दार नुसतं कोरलेलं. खास गाडीचं बूड धातूचं, टायर रबरी, दार नखाने उघडतं आणि पुढच्या काचेआड भाताच्या दाण्याएवढी मार्गाची पाटी. बाकी पिवळट अंग, लाल टप, सोळा खुर्च्या, सगळं सारखं. एवढ्याशा फरकापायी साधीची किंमत अठ्ठ्याण्णव डॉलर आणि खास गाडीची सोळाशे. यात काही वावगं आहे असं तिसऱ्या मजल्यावर कुणाला वाटत नाही. चौथ्या मजल्यावर बाहुल्या मिळतात, तिथली माणसं मात्र गाड्यावाल्यांना वेडे समजतात.

गंमत अशी की दोन्ही गाड्या एकसारख्या बंद डब्यांतून येतात. चोवीस डब्यांचं खोकं, त्यात खास गाडी एकच. पहिल्या वर्षी लोक खिशातून वजनकाटे काढून डबे तोलू लागले, तेव्हा कंपनीने साध्या गाडीखाली जाड पुठ्ठा घालून वजन सारखं करून टाकलं. काटे निकामी झाले. लोक डबे हलवून, वास घेऊन, मनात देवाचं नाव घेऊन निवडू लागले.

तिवईवर बसून दीड महिना झाला तेव्हा मोककाकांनी लानताईला सहज विचारलं, "या चोवीसांतला हा एकच खाली जड का गं?"

लानताईने तो डबा उघडला. खास गाडी. तिने दुसरं खोकं पुढे केलं. मोककाकांनी एकेक डबा तळव्यावर घेतला, किंचित कलवला, ठेवला. सतरावा बाजूला काढला. पुन्हा खास.

"पुठ्ठ्याचं वजन पसरलेलं असतं," मोककाका म्हणाले, जसं काही हे शाळेत शिकवतात. "धातूचं मधे बसतं. कलवलं की जरा उशिरा सरकतं."

त्या दिवसापासून तिवईचं भाडं ठरलं. नवं खोकं आलं की दुकान उघडायच्या आधी मोककाका चोवीस डबे तळव्यावर घेत, एक बाजूला काढत. तो लानताई काचेच्या कपाटात ठेवी, उरलेले तेवीस दाराजवळच्या फळीवर. मग ती काळ्या चहाची किटली काढून त्यांचा पेला रीतीप्रमाणे दहा भागांत सात भरी आणि मोककाका टेबलावर दोन बोटं टकटक वाजवून आभार मानीत. कपाटातल्या गाड्यांवर दुकानाचं भाडं निघू लागलं. मोककाकांच्या हाताची कीर्ती झाली. शेजारचे दुकानदार वाकून नमस्कार करू लागले. गिऱ्हाइकांना मात्र एवढंच ठाऊक होतं की हा मुळ्या तोलणारा हात; डबे आधीच निवडले जातात हे दुकानदारांतच राहिलं. घरी बायकोला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला वाटे म्हातारा बागेत बसतो.

दर शुक्रवारी त्सुई यायचा. वय बासष्ट, आवाज असा की कुजबुजला तरी दुसऱ्या मजल्यावर ऐकू जावं. सव्वीस वर्षं त्याने याउ मा तेइ ते क्वुन तोंग या मार्गावर लाल मिनीबस हाकली होती. मार्ग बंद झाला, गाडी मोडीत गेली, आणि आता तो एका शाळेची व्हॅन चालवत होता, जिच्यात शिव्या द्यायला मनाई होती. त्या लाल मिनीबसच्या खास गाडीच्या काचेआड जी पाटी होती, ती याउ मा तेइ – क्वुन तोंग अशी होती. त्सुईला ती हवी होती. दुसरं त्याला काहीही नको होतं.

येऊन तो पहिल्यांदा काचेच्या कपाटाला नाक लावी. मग फळीवरून डावीकडून तिसरा डबा उचली, पैसे टाकी आणि तिथेच टराटरा फाडी.

"साधी!" तो ओरडे. "घरी आगार झालंय, मोकदादा. शीतकपाटावर एकेचाळीस मिनीबस उभ्या आहेत. बायको म्हणते, प्रवासी कुठायत?"

"मग कपाटातली घ्या ना," लानताई म्हणे. "तुमच्यासाठी चौदाशे."

"विकत? अहो लानताई, महजोंगमध्ये शेवटची सोंगटी कुणी विकत घेतं का? समोरच्याने टाकलेलीसुद्धा मी उचलत नाही. आपल्या हाताने ओढली तर ती जीत. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा मी नव्हे."

एका शुक्रवारी बेचाळिसावी साधी निघाली, तेव्हा मात्र तो ओरडला नाही. डब्याचा फाटका पुठ्ठा गुडघ्यावर सरळ करत म्हणाला, "मोकदादा, तुम्ही शिकलेले. चोवीसांत एक, तर बेचाळिसांत निदान एक तरी निघायला हवी होती की नाही? माझंच नशीब फुटकं असणार. गाडी गेली तेव्हाच गेलं असेल."

"चोवीसांत एक कोण म्हणतं?" मोककाकांनी विचारलं.

त्सुईने त्यांच्या डोक्याच्या वर बोट दाखवलं. मोककाका वर्षभर त्या तिवईवर बसले होते, भिंतीला पाठ लावून. त्यांनी मान वळवली. भिंतीवर, नेमकी त्यांच्या टकलाच्या वर, ठळक लाल अक्षरांची पाटी होती: 'दर चोवीस डब्यांत एक खास गाडी. नशीब आजमावा.' खालच्या बाणाचं टोक फळीकडे होतं.

मोककाकांनी बाण बघितला, मग फळी बघितली. फळीवर एकही खास गाडी नव्हती. पहिला दीड महिना सोडला तर वर्षभरात एकही नव्हती. ते त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण एकूण एक त्यांच्याच हाताने काढलेली होती. हा माणूस रिकाम्या विहिरीत पोहरा सोडत होता आणि दोष स्वतःच्या नशिबाला देत होता.

गिऱ्हाइकं पांगल्यावर ते म्हणाले, "लान, ती पाटी."

"कंपनीची आहे. खोक्याबरोबर येते."

"पण आपण आधी काढून घेतो."

"निवडतो, काका. बाबांकडे तुम्ही जिनसेंगच्या मुळ्या निवडायचात की! पहिली प्रत वेगळी, दुसरी वेगळी."

"निवडलेलं वेगळ्या बरणीत ठेवायचो. बरणीवर लिहायचो."

"मीही वेगळ्या कपाटात ठेवते. वर किंमत लिहिते." ती कपाटाची काच पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. "आणि या दुकानाचं भाडं किती आहे माहितीय? फळीवरच्या तेवीसांत ते निघत नाही. हे कपाट आहे म्हणून दुकान आहे, दुकान आहे म्हणून तिवई आहे. अजून काही?"

मोककाकांना उत्तरं तीन दिवसांनी सुचतात. पण त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्या रात्री त्यांनी जेवताना मासा तसाच ठेवला.

तीन दिवसांनी सुचलं तेही उत्तर नव्हतं. त्सुईला सांगून टाकावं, तर लानचं दुकान बुडणार. शिवाय याउ मालकांच्या मुलीला बाजारात उघडं पाडायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. कपाटातली गाडी गुपचूप त्याच्या हातात द्यावी, तर तो घेणार नाही. त्याला हवी होती ओढायची संधी, जी पाटीने त्याला कबूल केली होती. तेवढंच त्याचं देणं लागत होतं.

आणि मग त्या गुरुवारी लाल मिनीबसचं शेवटचं खोकं आलं. यापुढे ती गाडी निघणार नव्हती.

मोककाकांनी डबे तळव्यावर घ्यायला सुरुवात केली. अकरावा डबा कलवला आणि तो उशिरा सरकला. त्यांनी तो ठेवला आणि बारावा उचलला. चोवीस झाले.

"कुठला?" लानताईने विचारलं.

"यात नाही."

"नाही म्हणजे? असतोच."

त्यांनी पुन्हा चोवीस डबे घेतले. तिसऱ्यांदाही घेतले. तिसऱ्या खेपेला अकराव्या डब्यावर त्यांचा अंगठा जरा जास्त दाबला गेला आणि एक कोपरा आत पिचला.

"नाही कळत," ते म्हणाले. "हात गेला, लान."

लानताई त्यांच्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कंपनी चुकत नाही, काका. वय चुकतं." डबे उघडून बघावेत तर फाटलेल्या डब्याला तिसऱ्या मजल्यावर निम्मीही किंमत येत नाही. तिने चोवीसच्या चोवीस फळीवर मांडले. मग चहा ओतता ओतता सहज बोलल्यासारखी म्हणाली, "या महिनाअखेर बघू. तिवईच्या जागी एक उभी फळी बसेल असं सुतार म्हणत होता."

दुपारपर्यंत बातमी मजलाभर झाली. चव्वेचाळीस वर्षांचा हात, एका सकाळीत गेला. शेजारचा दुकानदार येऊन म्हणाला, "काका, पाणी गरम करून शेकत जा." चौथ्या मजल्यावरची बाहुल्यांची बाई वेदनेवरचं तेल देऊन गेली. मोककाका सगळ्यांना 'हो' म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांत कुणी त्यांच्या हाताची कीव केली नव्हती. ती गिळायला कडू लागली, आणि ते कडू औषधांतले जाणकार होते.

आता त्या अंगठ्याबद्दल. गाड्या जमवणारी माणसं डबा जपतात. कोपरा पिचलेला डबा खरा शौकीन चिमट्यानेही उचलत नाही. त्सुईला मात्र डब्याशी देणंघेणं नव्हतं, तो फाडणाराच होता. मोककाकांनी मनाशी हिशेब असा मांडला: मी त्याच्या हातात काही दिलं नाही, फक्त चोखंदळ लोकांपासून एक डबा जरा दूर ठेवला. हा हिशेब अगदी सरळ नव्हता. तो त्यांनी दोनदा वाचला आणि तसाच ठेवून दिला.

शुक्रवारी त्सुई आला, डावीकडून तिसरा उचलला. साधी. दुसऱ्या दिवशी शनिवारची गर्दी झाली, नऊ डबे गेले. चष्मेवाल्या एका पोरीने पिचका डबा हातात घेतला तेव्हा मोककाकांचा जीव टांगणीला लागला. तिने कोपरा बघितला, नाक मुरडलं, ठेवला. पुढच्या शुक्रवारी त्सुईने पुन्हा तिसरा उचलला. पिचका दुसरा होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पिचका चौथा होता. मोककाका पाटीखाली बसून हे बघत आणि ज्या हाताने जन्मभर मोजूनमापून काम केलं, तो मांडीखाली दाबून ठेवत.

महिनाअखेरच्या शुक्रवारी त्सुई आला तेव्हा फळीवर दोन डबे उरले होते. सुतार आदल्या दिवशीच माप घेऊन गेला होता.

"दोनच?" त्सुई म्हणाला. "तिसरा कुठून उचलू?"

"शेवटचे आहेत," लानताई म्हणाली.

त्सुईने एका हातात एक, दुसऱ्या हातात एक असे डबे धरले आणि तिवईपुढे आला. "मोकदादा, लोक म्हणतात तुमचा हात गेला. गेला तर गेला. पूर्वीच्या आठवणीवर सांगा, कुठला?"

मोककाकांनी दोन्ही डबे घेतले. डावा कलवला, उजवा कलवला. उजवा उशिरा सरकला. लानताईचं त्यांच्याकडे लक्ष होतं.

"दोन्ही सारखेच वाटतात," ते म्हणाले. आयुष्यातलं हे त्यांचं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

त्सुईने डावा घेतला, कारण तो धड होता. "शेवटचा डाव, चांगल्या कपड्यात खेळावा," म्हणाला आणि फाडला. साधी. त्याने गाडी खिशात टाकली, कपाटाकडे न बघता दारापर्यंत गेला. मोककाका तिवईवरून अर्धे उठले. सगळं सांगून टाकायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

त्सुई दारातून वळला.

"लानताई, तो पिचका कोण घेणार? द्या मला." त्याने पैसे टेबलावर ठेवले आणि डबा मोककाकांच्या मांडीवर. "हा तुम्हाला. वर्षभर इथे बसता, एक गाडी कधी घेतली नाहीत. पिचक्या हाताला पिचका डबा. राग नका मानू."

मोककाकांनी हात वर केला, त्सुईसमोर धरला आणि तो थरथरवला. चांगला थरथरवला. "मला कुठला उघडतोय, त्सुई. तूच उघड."

त्सुईने उघडला. पुठ्ठा निघाला नाही. काळं धातूचं बूड निघालं, रबरी टायर निघाले, आणि काचेआड भाताचा दाणा: याउ मा तेइ – क्वुन तोंग.

तिसऱ्या मजल्यावर त्सुई गप्प झालेला कुणी पाहिला नव्हता. तो गप्प झाला. मग गाडी दोन्ही तळव्यांवर घेऊन पुढे केली. "तुमची आहे, मोकदादा. मी दिलेली."

"ओढली कुणी?"

"मी. पण..."

"कुणाच्या हाताने निघाली?"

"माझ्या."

"मग? समोरच्याने टाकलेली सोंगटी मीसुद्धा उचलत नाही."

त्सुईने नखाने गाडीचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "जरा अडकतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावर ऐकू गेला नाही. "आमचंही अडकायचं. लाथ मारावी लागायची." त्याने डोळे पुसले, गाडी रुमालात गुंडाळली आणि निघून गेला.

लानताईने टेबलावरचा फाटका डबा उचलला. पिचलेला कोपरा उजेडात धरला. त्यात अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला होता, आणि तो अंगठा तिने लहानपणापासून बापाच्या दुकानात संत्र्याच्या वाळल्या साली दाबून बघताना पाहिलेला होता. तिने डबा चुरगळून टोपलीत टाकला. त्या संध्याकाळी सुताराला फोन करून उभी फळी नको म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी नव्या गाड्यांचं खोकं आलं, ते तिने मोककाकांसमोर न नेता थेट फळीवर ओतलं, चोवीसच्या चोवीस. भाडं त्या महिन्यात कसं निघालं ते तिने सांगितलं नाही आणि मोककाकांनी विचारलं नाही.

फक्त चहा बदलला. आता ती त्यांचा पेला दहात सात भरत नाही, चार भरते. कुणी विचारलं तर सांगते, "हात कापतो ना त्यांचा, सांडेल." मोककाका पेला उचलतात आणि टेबलावर दोन बोटं टकटक वाजवतात, नेहमीसारखी, एकही ठोका न चुकता.